खिडकी लावून कापलेला किल्ला

प्रिय अनिस,

गेल्या रविवारी सकाळी मी नामस्मरण आटोपलं, भाकरी फडक्यात बांधली आणि पहिल्या गाडीने अकोटला आलो. दीड वर्षाने. भाभींनी दार उघडलं. मी चपला काढल्या, सरळ तुझ्या मागच्या खोलीत गेलो आणि पहिलं काम काय केलं असेल? खिडकी लावली. कडी घातली. मग तसाच उभा राहिलो. तार तापवायची नव्हती, कापायचं काही नव्हतं, कापायला तूही नव्हतास. तरी हाताने आपली सवय पुरी केलीच.

त्यानंतर अर्ध्या तासात त्या खिडकीबद्दल मला जे कळलं, त्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

भाभी आता अकोल्याला तुमच्या मुलीकडे राहायला चालल्या आहेत. त्यांनीच फोन केला होता. "सुधाकरभाऊ, खोली किरायानं द्यायची हाय. तुमचा किल्ला घेऊन जा, नाहीतर भंगारवाला नेईन." किल्ला जुन्या चादरीखाली होता. बाजूला तुझा मिठाईचा डबा. शिशाचे शिपाई आणि घोडे तू त्यात कापसात गुंडाळून ठेवायचास. इतक्या वर्षांत मी त्या डब्याला कधी हात लावला नव्हता. आमचं घर महानुभावी. मुंगी मारायची नाही, तिथे लढाईची माणसं कोण हातात घेणार? मी डोंगर करायचो, झाडं करायचो, भिंती करायचो. माणसं मारायचं काम तुझ्याकडे होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी डबा उघडला. घोडे शाबूत होते. कापसाखाली घड्या घातलेले कागद होते. अकोल्याच्या दवाखान्याचे. सगळ्यात जुना कागद तू जाण्याच्या दोन वर्षं आधीचा! त्यावर डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं होतं, धूर आणि धूळ पूर्ण बंद. तेवढं इंग्रजी मलाही येतं. खाली दोन रेघा मारल्या होत्या.

म्हणजे तू जागासुद्धा विचार करून निवडलीस! सगळ्या घरात एकच वस्तू अशी होती जी मी माझ्या देवाला स्मरून उघडणार नव्हतो, आणि तू तिच्यातच आपला आजार लपवलास. माझ्या नेमाचं तू कुलूप केलंस, अनिस. ह्याचा मला जितका राग आला तितका आयुष्यात कशाचा आला नाही.

आपल्या गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, पत्रात आधी खुशाली विचारावी. तुझी खुशाली मी विचारणार नाही. दोन वर्षं विचारत होतो, तेव्हा काय सांगत होतास? "एकदम टकाटक, बुवा!"

हे सगळं सुरू कुठून झालं, आठवतं? मोर्शीच्या बाजूला संत्र्यांसाठी शीतगृह बांधत होते. भिंतींना फोमच्या शीटा बसवायचं काम तुझ्या-माझ्याकडे होतं. नांदगाव पेठेतल्या पहिल्या कामापासून आपण तेच करत आलो होतो, भिंतीत गारवा कोंडायचं काम. अर्ध्या भिंती झाल्या आणि काम थांबलं. विहिरी आटल्या, बोअर आटले, लोक संत्र्याची वाळलेली झाडं तोडायला लागले. शीतगृहात ठेवायला संत्रीच राहिली नाहीत. ठेकेदार म्हणाला, उरलेल्या शीटा तुम्हीच न्या, मला ठेवायला जागा नाही. निळ्या, दोन बोटं जाड शीटा. लोक सरसकट थर्माकोल म्हणतात, पण थर्माकोलचे दाणे सुटतात. हा फोम दाट, कापला की कडा साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत.

त्याच सुमारास तू अमरावतीत त्या दातांच्या डॉक्टरांकडे छताचं काम करत होतास. त्यांच्या मागच्या खोलीत मोठं टेबल, त्यावर अर्ध्या अंगठ्याएवढे शिपाई, फासे, मोजपट्टी. ते आणि त्यांचे तीन मित्र जुन्या लढाया टेबलावर पुन्हा लढायचे. फासे टाकायचे, मोजपट्टीने पलटणी पुढे सरकवायच्या, कुणाची तोफ कुठवर पोचते त्यावर भांडायचे. डोंगर हवा असला की हिरव्या कापडाखाली पुस्तकं रचायचे. तुझ्याने ते बघवलं नाही.

"साहेब, पुस्तकाचा डोंगर कुठं असते का? मी देतो तुमाले डोंगर."

आणि दुसऱ्या रविवारी मला बोलावून घेतलंस. "बुवा, तुले लहानपणी मातीचे बैल कोणं शिकवले? आता डोंगर कर."

पहिला डोंगर मी किती मन लावून केला होता! शीटांचे थर चढवले, कडा तासल्या, घळी कोरल्या. रंग झटपट व्हावा म्हणून दुकानातून फवाऱ्याचा डबा आणला आणि सर्र करून मारला. बघता बघता डोंगर बसायला लागला! जिथे रंग पडला तिथे फोम विरघळून खड्डे, खड्ड्यांतून फेस. मी "अरे, अरे" करत डोंगराला फुंकर मारत होतो, जसा काही तो भाजला आहे. तू जमिनीवर बसून हसत होतास. "बुवानं डोंगर खाल्ला! बिनमिठाचा खाल्ला!" इतका हसलास की खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, भाभी पाणी घेऊन धावल्या.

तेव्हापासून मी तुझ्या खोकल्याला हसण्याचाच भाग समजत आलो. तू खोकलास की मलाही हसू यायचं. सांग, आता त्या हसण्याचं मी काय करू?

मग आपण शहाणे झालो. आधी फेव्हिकॉल आणि भिंतीच्या रंगाचा हात, तो वाळला की मग बाकीचं. गवतासाठी लाकडाचा भुसा भाभी जुन्या पातेल्यात हिरव्या रंगात उकळायच्या. झाडांसाठी मी आपल्या गावाकडून कापसाच्या पऱ्हाट्यांचे शेंडे आणायचो. उभी पऱ्हाटी बघून ज्या गावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तिच्याच वाळक्या शेंड्यांतून मेळघाटचा साग किती हुबेहूब उभा राहायचा! आणि कापायला तुझी ती तार. जुन्या शेगडीची कॉइल सरळ करून लाकडी चौकटीत ताणलेली, बॅटरी चार्जरच्या ट्रान्सफॉर्मरला जोडलेली. तापली की फोममधून अशी जायची की आवाजसुद्धा नाही. नुसती धुराची एक बारीक रेघ आणि तो गोडूस, घशात बसणारा वास.

खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली की मात्र तार थंड व्हायची. थंड तार फोममध्ये अडकते, ओढली तर कडा फाटते. आणि मला फाटलेली कडा खपत नव्हती.

"अनिस, खिडकी लाव. तार थंड होते."

हे वाक्य माझं होतं. दर रविवारी, दर कापाला. आणि तू उठून लावायचास. एकदाही नाही म्हणाला नाहीस! नंतर नंतर तर मी सांगायच्या आधीच लावून बसायचास. मला वाटायचं, आता दोघांचे हात एका तालात चालायला लागले. मी मनात देवाला दंडवत घालायचो, की असा सोबती दिलास म्हणून.

तेव्हा तुझ्या खिशात, नाहीतर त्या डब्यात, दोन रेघा मारलेला कागद होता.

आणि तुझा तो कायदा! ती वर्षं कशी होती, तुला सांगायला नको. मी अमरावतीहून दर्यापूरमार्गे यायचो. गाडीत बसलं की शेजारचा माणूस आधी कापसाचं बोलायचा आणि मग अमक्या गावात काल कोण गेला ते. दोरीने, नाहीतर फवारणीच्या औषधाने. कॅमेरेवाल्या पांढऱ्या गाड्या रस्त्यात आडव्या यायच्या. मी तुझ्या खोलीत यायचो ते ती ओझी घेऊनच. एका रविवारी मी आपल्या वर्गातल्या एकाचं सांगितलं, आपल्याच बाकावर बसायचा तो. तू हातातली तार खाली ठेवलीस. मग म्हणालास, "बुवा, आजपासून एक कायदा. या खोलीत गावची बातमी नाही. कोणाचीच नाही. इथं फक्त आपला डोंगर."

मला वाटलं, तुझं मन हळवं. मला वाटलं, बरं झालं, आठवड्यातून एक दिवस तरी दोघांना श्वास घेता येईल. मी कायदा पाळला. बाहेर ओट्यावर उभा राहून, बातम्या मनातून झटकून मगच आत यायचो.

त्या कायद्याआड तू स्वतःची बातमी लपवणार होतास, हे मला कसं कळावं?

चिखलदऱ्याला गेलो होतो तेही आठवतं. दातांच्या डॉक्टरांनी गाविलगड करायला सांगितला होता, दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी घेतला तो. किल्ल्यावर तू दोरी धरायचास, मी पावलं मोजायचो. चढावर दर पन्नास पावलांवर तू थांबायचास आणि म्हणायचास, "थांब बे, नजारा पाहू दे." मीही थांबून बघायचो. दरी बघायचो, ढग बघायचो. मूर्ख! एकदा तरी वळून तुझ्याकडे बघायला हवं होतं. तू दरी बघत नव्हतास, तू श्वास गोळा करत होतास.

पण सगळ्यात मोठं भांडण भिंतीवरून. उत्तरेकडची ती तटबंदी मी दोन महिने केली. रिकामी रिफिल दाबून एकेक दगड उठवला. दगडांना तीन तऱ्हेचे राखाडी रंग, सांध्यांत शेवाळ, बंदुका रोखायच्या जंग्यांच्या बारीक फटी. माझ्या हातून इतकं चांगलं काम कधी झालं नव्हतं. आणि ते पूर्ण झालं त्या दिवशी तू म्हणालास, "मस्त. आता इथून पाड."

कारण लढाई तशीच झाली होती. इंग्रजांनी समोरच्या टेकडीवर तोफा चढवल्या, त्या भिंतीला खिंडार पाडलं आणि तिथून आत शिरले. डॉक्टरांच्या खेळाला ते खिंडार लागत होतं. त्याशिवाय गाविलगडावर खेळताच येत नव्हतं.

मी नाही म्हणालो.

"ज्याला पाडायचं त्याने मनात पाडावं. मी माझी भिंत कापणार नाही."

"बुवा, पडला तो पडला. खोटा किल्ला कायले ठेवतं?"

"खोटा काय? एक दिवस आधी तर अख्खाच होता!"

"तुले एक दिवस आधीचाच पायजे. माणसाचंबी तसंच पायजे तुले. पोथीतल्यासारखं, अख्खं."

सहा महिने भांडलास. म्हणायचास, या किल्ल्यावर मी किल्लेदार होऊन खेळणार, आतल्या बाजूने. सगळे डाव तू हरणाऱ्याच बाजूने खेळायचास. डॉक्टर चिडवायचे, "अनिसमियाँ, कधी तर जिंका." तू म्हणायचास, "साहेब, जिंकणारे लई हायेत. आतून लढणारा कोणी तं पायजे ना." गाविलगड हा तुझा एकच हट्ट होता. शेवटच्या रविवारीही विचारलंस, "आज पाडू का?" मी म्हणालो, "पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारपर्यंत मी तुला माती देऊन आलो होतो.

मला वाटलं होतं, तू अचानक गेलास. भाभींनीही तेच सांगितलं होतं, ताप आला आणि छाती भरली. मी दीड वर्ष तेच धरून बसलो. देवाची मर्जी म्हटलं. देवावर ढकललं मी, अनिस, आणि तो बिचारा मुकाट राहिला!

रविवारी ते कागद हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो.

"भाभी, हे तुम्हाला माहीत होतं?"

त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "माहीत होतं, भाऊ."

"मग मला काऊन नाही सांगितलं?"

"त्यायनं कसम घातली होती मले."

"आणि खिडकी? मी दर रविवारी खिडकी लावायला लावत होतो. तुम्ही चहा घेऊन आत येत होत्या, धूर बघत होत्या!"

"मी बोलली नसन का? म्या म्हटलं, डॉक्टर धुवा बंद करा म्हणते, तुमी खिडकी लावून बसता. तं म्हणे, बुवाले सांगितलं तं तो तार तोडून फेकते. मंग इतवार बंद. मंग मी सोमवार ते सोमवार छताकडे पायत राहू काय?"

त्या पुढे म्हणाल्या, "अन् म्हणे, लोकं इकडं जीव देऊन राहिले. बुवा मोटारीत रोज नवी मयत आयकून येते. त्यात मी खोकल्याचं काय गाऱ्हाणं सांगू? शरम वाटते."

शरम!

अरे, दुःखाची रांग असते का, की ज्याचं मोठं त्यानेच पुढे यावं आणि खोकल्यावाल्याने मागे उभं राहावं? तुला कोणी सांगितलं, की त्या सगळ्या मरणांपुढे तुझं मरण मला बारीक वाटेल? माझ्याकडे बाकीच्यांसाठी काही नव्हतं. मी कुणाची पऱ्हाटी जगवू शकत नव्हतो, कुणाच्या हातातली दोरी सोडवू शकत नव्हतो. पण तुझी खिडकी तर मी उघडू शकत होतो! सगळ्या वऱ्हाडात तेवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती, आणि ती तू मला करू दिली नाहीस.

आणि रविवार बंद झाला असता म्हणतोस? चाकूनेही फोम कापता येतो, अनिस! साध्या धारदार चाकूने. कडा वाकडी आली असती, आली असती! ओट्यावर बसून कापला असता. कापलाच नसता, नुसते भाकरी खात बसलो असतो. मी तुझ्याकडे डोंगर करायला येत होतो असं तुला खरंच वाटत होतं?

वाटत असेल. कारण मी कधी दुसरं काही म्हटलंच नाही. मी म्हणायचो काय? खिडकी लाव. तार थंड होते.

हे लिहिताना हात थांबला. राग कोणावर आहे, ते नीट बघायला पाहिजे म्हणून थांबला. बघितलं. माझ्यावर आहे. पण तुझ्यावरचा त्यामुळे कमी झाला असं समजू नकोस. किल्ल्याचं खिंडार दाखवलंच पाहिजे म्हणून सहा महिने माझं डोकं खाल्लंस, खोटा किल्ला कायले ठेवतं म्हणालास, आणि स्वतः माझ्यासमोर अख्खा होऊन बसलास. त्याचं उत्तर दे! तू मला पोथीतला माणूस पाहिजे म्हणून चिडवलंस आणि शेवटी तोच होऊन दाखवलंस. मला तो नको होता. मला खोकणारा अनिस चालला असता.

किल्ला कसा आणला तेही सांगतो, तू हसला असतास. दोन तुकडे, चादरीत बांधलेले, अकोटच्या स्टँडवर. कंडक्टर म्हणाला, "हे काय हाय काका?"

"किल्ला."

"किल्ला? मंग आत फौजबी असन. फौजेचं तिकीट काढा."

फौज मांडीवरच्या डब्यात होती. मी माझं एकट्याचं तिकीट काढलं. मागच्या सीटवर एक म्हातारी होती, तिने चादर बाजूला करून भिंतीवरून बोट फिरवलं. "दगडच वाटते व माय! कोणं केलं?" मी म्हणालो, "दोघांनी केलं." "दुसरा कुठी हाय?" मी डबा हातात घट्ट धरला आणि म्हणालो, "हाय." खोटं बोललो. माझ्या नेमात तेही बसत नाही.

आठवडाभर किल्ला आमच्या पुढच्या खोलीत होता. मी नामस्मरणाला बसायचो आणि दोन नावांच्या मध्ये तुझा खोकला ऐकू यायचा. डोळे उघडले की समोर माझी भिंत. किती सुंदर, किती शाबूत! मला तिची किळस यायला लागली. बायको म्हणाली, "एवढा राग आहे तर देऊन टाका ना कोणाला." देऊन टाकणं सोपं होतं. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, काचेच्या पेटीत ठेवू, खाली अनिसमियाँचं नाव लिहू. मी नाही म्हणालो. काचेच्या पेटीतही वारा नसतो.

आज सकाळी अंघोळ केली, देवापुढे बसलो, दंडवत घातला. मग पुढच्या खोलीतलं टेबल ओढून खिडकीशी नेलं आणि दोन्ही झडपा सताड उघडल्या. किल्ल्याबरोबर आणलेली तुझी तार जोडली. तापली. बाहेरून वारा येत होता, तार लाल व्हायची आणि मंद व्हायची, लाल व्हायची आणि मंद व्हायची. मी वाट बघितली नाही. उत्तरेच्या तटाला, तू पेन्सिलने खूण करून ठेवली होतीस तिथेच, तार लावली.

अडकली. ओढली तर फोम फाटला. पुन्हा लावली, पुन्हा अडकली. दोन महिन्यांचे दगड ढेपाळून खाली पडत होते. धुराची रेघ उठायची आणि खिडकीतून बाहेर जायची. मी तिच्याकडे बघत राहिलो. किती सहज जात होती, अनिस! एवढंच करायचं होतं.

संपलं तेव्हा बघितलं. कडा वेड्यावाकड्या, कुठे फाटलेल्या, कुठे वितळून गोळा झालेल्या, आतला निळा फोम उघडा पडलेला. तोफेने फोडलेली भिंत अशीच दिसत असणार. खिडकी लावून मी कापली असती तर सरळ दरवाजा झाला असता, आणि तू म्हणाला असतास, "बुवा, इंग्रजायले बेल वाजवून बोलावलं का?" पडलेले दगड मी फेकले नाहीत. खिंडाराच्या पायथ्याशी फेव्हिकॉलने लावले, जसे पडले तसे.

पुढच्या रविवारी डॉक्टर आणि त्यांचे मित्र इथे येणार आहेत. टेकडीवर त्यांच्या तोफा. खिंडाराच्या आत तुझे शिपाई. मघाशी मी डबा उघडून एकेकाला कापसातून काढलं आणि आत उभं केलं. देव रागावला असं वाटलं नाही. किल्लेदाराच्या बाजूला मी बसणार आहे. फासे मी टाकणार आहे. हरणार, ते माहीत आहे. हरलो की तुझ्यावर अजून एकदा चिडेन, तेवढा हक्क ठेवून घेतो.

आणि हा शब्द घे. या घरात आता खिडकी लागणार नाही. तार थंड होऊ दे, कडा फाटू दे, भुसा उडू दे. माझ्या टेबलाशी जो कोणी बसेल तो खोकला, तर मी हातातलं काम खाली ठेवीन आणि त्याला विचारीन. "टकाटक" म्हणाला, तर पुन्हा विचारीन.

तुझ्यावर अजून रागावलेला,
सुधाकर
(तू म्हणायचास तसा, बुवा)